मोठी अक्षरे

एकदा एक ग्रंथ पुरा होण्याआधीच पुसला जाणार होता.

नदीकाठी एक पाठशाळा होती. तिथे एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा शिष्य राहत. शिष्य त्या नदीचेच चरित्र लिहीत होता. कोपऱ्यातला जुना संगणक कुरकुरत चाले, खिडकीतून पाण्याचा उजेड छतावर हलत असे आणि लिहिता लिहिता शिष्याला आपण काठावर आहोत की प्रवाहात, हेच कळेनासे होई.

त्याला वाचक एकच. गावातला अत्तराचा म्हातारा व्यापारी. दुपारी दुकान बंद करून तो येई, पडद्यासमोर बसून नवे पान वाची आणि मान डोलावून म्हणे, “वा!” शिष्य त्या एका शब्दावर जगत होता, असे म्हटले तरी चालेल.

पण हळूहळू व्यापारी अर्ध्यातून उठू लागला. शेवटी एके दिवशी म्हणाला, “खरं सांगू का रे बाबा? पहिल्यासारखा रस नाही राहिला त्यात.” त्यानंतर तो आलाच नाही.

शिष्य आतून मोडला. आचार्यांपुढे हात जोडून म्हणाला, “गुरुजी, सगळं पुसून टाकतो. आज्ञा द्या.”

आचार्य उठून संगणकापाशी गेले. त्यात अक्षरांच्या आकाराचे दोन पर्याय होते, लहान आणि मोठी. पूर्वी तिथे मोठी अक्षरे होती. आपले अख्खे पान एका दृष्टिक्षेपात दिसावे, या हौसेने शिष्याने मध्यंतरी ती लहान केली होती. आचार्यांनी पुन्हा मोठी निवडली. जुन्या यंत्राला असा बदल बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय पचत नसे. पडदा काळा झाला. आचार्य डोळे मिटून स्वस्थ बसले. बऱ्याच वेळाने निळसर उजेड उमलला आणि अक्षरे टपोरी होऊन वर आली.

“गुरुजी, हे काय! चार ओळींत पडदा भरला. खालची बटणंसुद्धा कडेबाहेर गेली.”

“जाऊ देत. शेठजींना बोलावून आण.”

“ते नाही यायचे.”

“मी चहाला बोलावलंय म्हणून सांग.”

व्यापारी आला, अंगाच्या मोगऱ्याच्या वासासकट. चहा झाला. आचार्य सहज म्हणाले, “जरा पान बघता का?” तो अनिच्छेनेच पडद्याशी वाकला. मग थोडा मागे सरला आणि खुर्चीला पाठ टेकून वाचू लागला.

आचार्य शिष्याला ओसरीवर घेऊन आले. ऊन कलले होते.

“नजर उणावली की माणसाला आधी ते कळतच नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याला वाटतं, जगातलाच रस आटला. आणि कळलं, तरी तो तोंडाने सांगत नाही. तुझ्या लेखनाला त्याने नावं ठेवली, तेव्हा तू ग्रंथाकडे पाहिलंस. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाहीस.”

आपणच त्या म्हाताऱ्याला आपल्या नदीवरून हाकलले, हे शिष्याच्या मनाला फार लागले.

दिवेलागणीला व्यापारी बाहेर आला. डोळे ओलावले होते, चेहरा एखाद्या लांबच्या गावाहून परतल्यासारखा दिसत होता. शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “आता कसं! त्या दिवशी मी बोललो ते मनावर घेऊन सगळं नव्याने लिहिलंस ना? आधीचं अगदीच कोरडं होतं बघ.”

ग्रंथातला एक शब्दही बदललेला नव्हता. ते सांगायला शिष्याचे ओठ हलले. आचार्य नदीकडे पाहत होते. ते काही त्याच्या मदतीला आले नाहीत.

“हो शेठजी,” शिष्य म्हणाला. “आधीचं कोरडंच होतं. उद्या या, पुढचं पान वाचायला.”