काळी पडलेली लाल काच

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका गावात एक काचकारीण राहत होती. गावाजवळच्या खाडीच्या तोंडाशी एक खडक होता. त्यावर खांब रोवून लाल काचेचा कंदील टांगलेला असे. तो दिसला की होडीवाले वळून जात.

त्या पावसाळ्यात वादळाने ती काच फुटली. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जायच्या होत्या आणि पहिली होडी हाकणारा तांडेल होता काचकारणीचा सख्खा भाऊ. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

लाल काच कुठे मिळेना. शेवटी एका फिरत्या व्यापाऱ्याकडे थोडे तुकडे मिळाले, तेही फिकट पिवळे!

"ताई, थंड असताना हिचा रंग बघू नका," व्यापारी म्हणाला. "भट्टीत घाला, वितळवून सांधा आणि पुरती निवू द्या. लाल नाही झाली तर मला नावं ठेवा."

नावं ठेवणार कशी? तो तर लगेच पुढच्या गावी निघाला!

काचकारणीने तुकडे कडेवर कड चढवून मांडले, भट्टी पेटवली. तुकडे वितळून एकजीव झाले तसा तिने जाळ थांबवला. आता फक्त निवायचं होतं. पण तिला राहवेना. तिने भट्टीची एक वीट सरकवून आत डोकावलं. काच काळीकुट्ट झाली होती.

"मेले गं बाई!" तिने कपाळावर हात मारला.

शेजारचा लोहार सांडशी घेऊनच धावत आला. तापलेलं लोखंड बाहेर ओढण्यात त्याचा जन्म गेलेला. "वहिनी, बघत काय बसलात? ओढा बाहेर! गरम आहे तोवर काहीतरी करता येईल."

माणूस भला, पण त्याला सगळं जग लोखंडाचंच वाटे.

काचकारणीने सांडशी हातात घेतलीसुद्धा. मग तिचा हात थांबला.

"भावोजी, काच बिघडली असेल, तर उद्याही बिघडलेलीच असेल. पण चांगली असेल, तर आत्ता गार वाऱ्याने तडकेल. मग ती मीच फोडली म्हणायची."

तिने वीट परत बसवली, फटीला माती लिंपली आणि जीव मुठीत धरून बसली. लोहार सारखा येऊन विचारी, "निवली का?" आणि बोलणी खाऊन परत जाई.

दुसऱ्या दिवशी विटा हाताला थंडगार लागल्या, तेव्हा तिने भट्टीचं दार उघडलं. काच पिकलेल्या रातांब्यासारखी लाल झाली होती! तापलेली असताना काळी दिसणं हा त्या काचेचा गुणच होता. काचकारणीच्या मनावरचं ओझं उतरलं. ती हसता हसता रडायला लागली.

"मी म्हटलंच होतं, थांबा म्हणून!" लोहार म्हणाला. त्या आनंदात तिने तेही ऐकून घेतलं. मग त्याच सांडशीने त्याने कंदिलाची चौकट वळवून दिली.

कंदील पुन्हा खडकावर टांगला गेला. पौर्णिमेला होड्या गेल्या आणि संध्याकाळी खडकाला वळसा घालून सुखरूप परतल्या. भावाने काठावर उडी टाकली. "बाय, तुझा दिवा लांबूनच दिसला गं!"

तात्पर्य: बिघडलंय असं वाटलं, तरी आधी निवू द्यावं. घाबरून केलेल्या दुरुस्तीने धडधाकट वस्तूही मोडते.