ठकूचा हिरवा परकर

किती वर्षं झाली ते विचारू नका, कोंडुरं गावात कुणालाच ते सांगता येत नाही. गावात तेव्हा चिताऱ्यांची चार घरं होती आणि गावाची एक पोथी होती. माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचं अंगठ्याएवढं चित्र त्या पोथीत काढायचं, आणि अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोथी उघडून ज्यानं त्यानं आपापलं माणूस बघून घ्यायचं, अशी तिथली रीत.

चित्रं काढायचे पुरुष, पण रंग करायची भिवराक्का. ती चिताऱ्याची विधवा. तिळाच्या तेलाच्या काजळीची शाई घोटावी ती तिनंच. रंगाचा पातळ हात कागदावर द्यायचा, त्याला तिथं ‘पाणी’ म्हणत. पाण्यात डिंक किती पडलाय हे भिवरा करंगळी बुडवून जिभेवर ठेवून सांगायची. “अजून चिकट आहे, तडकेल,” म्हणायची, आणि रंग तडकायचाच! तिची जीभ कधी चुकली नाही, असं म्हणतात.

चुकली ती तिची माया.

भिवराची पोर ठकू नऊ वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली. पोरीला हिरव्याचं भारी वेड. नीळ आणि हरताळ मिसळून व्हायचा तो हिरवा तिला आवडायचा नाही, “शेवाळं आहे नुसतं” म्हणायची. म्हणून भिवरानं तिच्या चित्रासाठी नवाच हिरवा केला. तांब्याच्या भांड्यात आंबट ताक ठेवलं की कळकतं आणि कडेला हिरवा गंज चढतो, तो खरवडून घोटला. दीर येसबा चिताऱ्यानं त्या हिरव्यानं ठकूचा परकर रंगवला आणि त्यावर प्राजक्ताच्या देठांच्या पाण्यानं केसाएवढा केशरी काठ ओढला. परकर असा झळकला, की बघणाऱ्याला पोर आता गिरकी घेईल असं वाटे. मग काय! ज्याला त्याला तोच हिरवा हवा. तीन वर्षांत एकतीस माणसं त्या रंगात रंगली.

चौथ्या अखितीला पोथी उघडली, तर हिरव्याचा झाला होता तपकिरी आणि खालचा कागद पापडासारखा कुडकुडीत. पाटलीणबाईंनी पान उचललं, तर सासूचं लुगडं चुरा होऊन त्यांच्या मांडीवर पडलं.

“भिवरे, आमच्या सासूबाईंना उघडं पाडलंस गं!” पाटलीणबाई रडायला लागल्या.

तांब्याचा गंज कागद खात होता, आणि मागच्या पानांनाही डाग लागला होता. गावानं ठरवलं, की उरलेली पोथी वाचवायची तर ही एकतीस पानं काढून नदीत सोडायची. भिवराची पोर एकदा देवीनं नेली होती, ती आता गाव पुन्हा न्यायला निघालं होतं. तिनं पाटलांपुढं पदर पसरला आणि पुनवेपर्यंतचे दिवस मागून घेतले.

“वैनी, उपाय करून बघणार कुणाच्या पानावर?” येसबानं विचारलं.

“माझ्या पोरीच्या. दुसऱ्या कुणाचं मागायला तोंड कुठाय मला, भावजी?”

चुन्याची निवळी लावली, परकराचा एक घोळ गेला. हळदीचं पाणी दिलं, दुसरा गेला. दूध, तुरटी, अळशीची खळ, सगळं झालं. दर खेपेला ती करंगळी जिभेवर ठेवायची, आणि त्या गंजानं जीभ हिरवी पडली, जेवणाची चव गेली. कमरेशी हिरवं उरलं होतं नखभर. त्याच्या वर होता ठकूचा चेहरा.

मग तिला काठ दिसला. परकर गळून गेला तरी काठ जाग्यावर होता, आणि काठाखालचा हिरवा ताजा होता. परकर शाबूत असता तर हे कळलंच नसतं. घरात प्राजक्ताचे वाळवलेले देठ होते ते तिनं भिजवले आणि पातळ पाणी करून त्या नखभर हिरव्यावर तीनदा फिरवलं. दोन दिवस गेले, पण कागद हलला नाही.

उपाय सापडला, पण देठ संपले. वैशाखाच्या उन्हात प्राजक्ताला फूल कुठून येणार? असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी पहाटे भिवराच्या दारचा प्राजक्त फुलला आणि अंगण पांढरं झालं. खरं-खोटं ते झाड जाणे. पाटलीणबाई स्वतः देठ खुडायला बसल्या होत्या एवढं मात्र सगळे सांगतात. पुनवेच्या आत बाकीच्या तीसही पानांवर देठांचं पाणी चढलं आणि जेवढं उरलं होतं तेवढं टिकलं.

ठकूच्या पानाला मात्र परकराजागी भोक राहिलं. पुढच्या अखितीला येसबा कागद चिकटवायला बसला, तर भिवरानं त्याचा हात धरला.

“ठिगळ नका लावू पोरीला. नवा नेसवा.”

तिनं ताजा हिरवा करून, त्यात देठांचं पाणी घालून एक कोरा कागद रंगवला आणि भोकामागं ठेवला. ठकू पुन्हा हिरव्यात उभी राहिली, आणि मग भिवरा पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

कोंडुऱ्यात अजून आश्विनात प्राजक्ताची फुलं देवाला जातात आणि देठ वाळवून ठेवतात. त्यांना ‘आक्काचं केशर’ म्हणतात. अखितीच्या सकाळी पहिला रंग होतो तो हिरवा. ठकूच्या पानामागचा जुना कागद काढतात, नवा ठेवतात. तो होईपर्यंत अख्खा गाव ताटकळत बसतो, आणि आपली माणसं बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, “ठकूला नेसवला का?”

“नेसवला,” असं आतून ऐकू आलं, की मगच दुसरं पान उलटतात.