साहेबांना न दिसलेला ओढा

दादाला एक दिवस आधी दवाखान्यात नेले असते, तर तो वाचला असता का? केरबा ज्याला त्याला विचारत राहिला. सुतकात घरची चूल बंद होती, तेव्हा अख्ख्या वाडीने पाळीपाळीने त्याला भाकरी पोचवली होती.

महिन्याभराने, ऐन वैशाखात, ग्रामसभा भरली. गडाच्या पायथ्याचा वाहनतळ वाढणार होता आणि वाडीची विहीर भरणारा ओढा काँक्रीटखाली जाणार होता.

पर्यावरणाची पाहणी केलेले साहेब गुरगुरले, "ओढा कसला? मी चैत्रात दिवसभर तिथे होतो. पाण्याचा थेंब नव्हता. दिसले तेच लिहिले."

चौथीत शाळा सोडलेला केरबा ताडकन उठला. "त्या दिवशी तळावर मोटारी किती होत्या, साहेब?"

"एकही नव्हती. पर्यटक पावसाळ्यात येतात."

"मग तेही लिहा की! मोटारच दिसली नाही, तर तळ कुणासाठी वाढवताय?"

सभा खदखदून हसली. साहेबांनी घाम पुसला. "बरं, ओढा कुठून जातो ते दाखवा. तेवढी जागा सोडतो."

केरबाने तळाच्या आखणीसाठी आणलेली चुन्याची पाटी उचलली आणि डोंगरापासून विहिरीपर्यंत, कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी, वाडीसाठी पांढऱ्या रेघा मारल्या.