थंड महालातला हत्ती

त्या राज्यात ओझी कधी संपत नसत, म्हणून थंड महालातले दिवेही कधी विझवले जात नसत. महालात हत्तींच्या रांगा उभ्या असत. कुणाचं ओझं कुठे चाललंय हे त्यांना ठाऊक नसे. सोंड वर, सोंड खाली, एवढंच. दर काही वर्षांनी नव्या दमाचे हत्ती येत आणि जुन्यांना दाराबाहेर काढलं जाई. हाडं शाबूत, ताकद शाबूत, पण रांगेत जागा नाही. मग दाराशी बसलेला कोल्हा त्यांना पडेल त्या भावाने विकून टाकी.

असाच एक हत्ती बकुळा नावाच्या खारीने घरी आणला.

बकुळा गावाचं बियाणं सांभाळी आणि पेरणीआधी नदीपलीकडच्या शेतांवर पोचवी. गेल्या साली तिने घोडा लावला होता. तो वाऱ्यासारखा गेला नि आला, पण नदीकाठच्या विसाव्यावर पोत्यांची अदलाबदल झाली आणि कोंबड्याच्या शेतात ज्वारीऐवजी नुसतं गवत माजलं. बिचाऱ्याची पिल्लं वर्षभर दुसऱ्यांच्या उकिरड्यावर जगली. यंदा पुन्हा तसं झालं तर बियाणं दुसऱ्याकडे द्यायचं, असं गावाने तिला तोंडावर सांगितलं होतं. तिला वेग नकोच होता. जे उचललं तेच पोचवणारा कुणीतरी हवा होता.

हत्ती आला आणि घराची तारांबळ उडाली. घोड्याचं खोगीर त्याच्या पाठीवर रुमालाएवढं दिसे. नवं शिवावं लागलं. दार पाडून रुंद केलं. काम करताना त्याचं अंग तापे, म्हणून समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या पाडून वारा खेळता केला. चाऱ्याचं तर विचारूच नका. शिवणटिपणात आणि पोती बांधण्यात बकुळाचा दिवा रात्रभर जळे, आणि कोंबडा कुंपणावरून विचारी, "वहिनी, संसार करायचाय की हत्ती पोसायचाय?" ती हसून घेई आणि पुढचं पोतं बांधायला घेई.

पोचवणीच्या आदल्या दिवशी हत्तीने सारी पोती एकेक करून सोंडेत तोलून पाहिली. सकाळी कोंबडा आरवला. एका बांगेत सारं गाव उठवतो, हा त्याचा तोरा. गावातले घोडे ताडकन उभे राहिले. हत्ती हललाच नाही. बकुळाने हाका मारल्या, पाणी शिंपडलं, कानात ओरडून पाहिलं, आणि शेवटी तिला रडूच कोसळलं. कोल्ह्याने मेलेला हत्ती गळ्यात मारला, असं म्हणत कोंबड्याने त्याला ओढून न्यायला दोर आणवला. दोर पायाला लागला तेव्हा हत्तीने डोळे उघडले.

"उठतोय, बाई," तो म्हणाला. "महालात कुणी निजतच नसे. इथे अंग टाकलं नि डोळा लागला. उठायचं म्हणजे आधी अंगाचा सांधा न् सांधा तपासतो, मग कालचं पोतं न् पोतं आठवून बघतो. त्यात एक जरी चुकलं, तर पुढचं सगळं काम वाया."

"अहो, मग तसं सांगायचं नाही का आधी?" बकुळा रडता रडता चिडली.

सगळ्या गावाचं बियाणं त्याने एकाच खेपेत उचललं. चाल मात्र संथ. कुरणासाठी गवताचं बी नेणारे घोडे दोनदा जाऊन आले, तरी हा आपला वाटेतच. विसाव्यावर पोती उतरवली, परत चढवली, आणि कोंबड्याचं पोतं सोंडेत धरून हत्ती थांबला. खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पलीकडे गाव ताटकळत होतं. बकुळाने विनवलं, मग ती रागावली. हत्ती पाऊल टाकेना.

"घरून उचललं ते हे नव्हे," तो एवढंच म्हणाला.

तिने पोत्याची गाठ सोडली. आत गवताचं बी होतं. कोंबड्याची ज्वारी शेजारी घोड्यांच्या ढिगात निवांत पडली होती. तिने तिथेच वाळूत हत्तीच्या पायावर डोकं टेकवलं आणि हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत असं म्हणाली. कोंबडा पलीकडून तणतणत आला होता. त्याने पोत्यात पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, आणि घोड्यांच्या ढिगातून आपली ज्वारी ओढून हत्तीपुढे आणून ठेवली.

संध्याकाळी घरी येऊन तिने खोगीर उतरवलं, हत्तीच्या कपाळावर गार पाणी ओतलं आणि दिवा फुंकला. हत्ती दचकला. काही बिघडलं का, असं त्याने घाबरून विचारलं.

"काही नाही, दादा. काम झालं. आता निजा."

त्याने सोंड अलगद जमिनीवर टेकवली. मग म्हणाला, "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं हो."

दुसऱ्या दिवशी उजाडलं. हत्ती डोळे मिटून आपले सांधे तपासत होता. बकुळाने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि ती उंबऱ्यात बसली. कोंबडा कधीचाच कुंपणावर चढला होता. मान ताठ, तुरा उभा, आणि चोच घट्ट मिटलेली.