सावरीच्या कापसाची गादी

माळावरची पाखरं अजून एकमेकांकडे निरोप धाडायची, तेव्हाची ही गोष्ट. साळू टिटवी पहिल्यांदाच अंडी घालणार होती. आई येऊन सांगून गेली, "पोरी, उघड्या खड्यांतच घाल हो. खाली काही अंथरू नकोस."

साळूला ते काही पटलं नाही. "मी दगडांत वाढले, म्हणून माझ्या लेकरांनीही दगडच टोचून घ्यायचे होय?" दिवसभर खेपा घालून तिनं सावरीचा पांढराशुभ्र कापूस आणला, मऊ गादी केली आणि तिच्यावर चार अंडी घातली.

दुसऱ्याच दिवशी मुंगूस आलं. एवढ्या तांबड्या माळावर तो पांढरा ठिपका लांबूनच दिसत होता. मुंगूस सरळ तिकडेच निघालं. साळू नुसती ओरडत राहिली. तेवढ्यात पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत आई मुंगसाच्या पुढ्यात आली. ते तिच्या मागे लागलं. त्याला ओढ्यापलीकडे नेऊन आई भुर्रकन उडाली.

ती परतली तेव्हा साळू चोचीनं कापूस उपसून वाऱ्यावर सोडत होती. खड्यांत ठेवलेली अंडी आता तिची तिलाच चटकन दिसेनात.

"आई, मला वाटायचं, तुला गादी करायचा कंटाळा असेल," ती खालमानेनं म्हणाली.

आई तिच्या पंखाला पंख लावून बसली.

"मीही केली होती गं एकदा, पिसांची. माझ्या आईचं ऐकलं नव्हतं. तुझ्याआधीची चार अंडी होती ती."