काचेखालचं सारवण

"पोलीस बोलवू का, बाळाप्पा? तुम्हीच सांगा!"

शशांकनं दारातूनच तोंड सोडलं. पहिल्या एसटीनं निघालेला, पोटात चहाचा घोट नाही, आणि डोकं तव्यासारखं तापलेलं.

बाळाप्पा गवंडी ओसरीवर बसून थापी घासत होते. दोन वर्षं शशांक याच ओसरीवर त्यांच्या हाताखाली चुना मळायला शिकला होता. आता तो जुन्या घरांचा डॉक्टर झाला होता. निदान कार्डावर तसं छापलं होतं.

"कुणाला धरून न्यायचंय?"

"चंद्राक्काला! तेल्याच्या घराची मालकीण. दीडशे वर्षांचं घर, माझं पहिलं काम. आत संडास बसवला, गिझर लावला, वायरी तुळईच्या पाठीमागनं नेल्या. बाहेरून खिळा दिसत नाही. आणि बाईनं काय करावं?"

"काय केलं?"

"शेण फासलं!"

"कुठं?"

"जमिनीवर!"

बाळाप्पांची थापी थांबली...

"शेणाच्या जमिनीवर?"

"तसं नाही हो! त्या सारवणावर मी लेप दिलेला. पारदर्शक, काचेसारखा. खाली बोटांचे फराटे जसेच्या तसे, एकेक कमान मोजून घ्या. शंभर वर्षं हलायचे नाहीत. परवा बक्षीस समितीची माणसं बघायला येणार, आणि काल ही बाई पहाटे बादली घेऊन बसली! म्हणते, आठवडा झाला, सारवायला नको?"

"धरलं का शेण?"

"कसलं धरतंय! पोपडे सुटले. वर मलाच म्हणते, डॉक्टर, तुमची जमीन आजारी आहे, तिला शेण पचत नाही."

बाळाप्पांनी मान हलवली. रोग गंभीर वाटत होता.

"ते फराटे... कुणाच्या बोटांचे?"

"तिच्याच की!"

"हां."

"हां काय, हां? तुम्ही चला आणि तिला दम द्या. जमिनीला हात लावायचा नाही म्हणून. तुमचं ऐकंल ती. हे घर बिघडलं तर माझं नाव कायमचं बुडालं!"

"येतो की. आधी जेव."

रखमाकाकूंनी आतून ताट आणून ठेवलं. चुलीवरची भाकरी, टम्म फुगून नुकतीच बसलेली, वर पाची बोटं उमटलेली. बाजूला ठेचा. शशांकचा राग तेवढ्यापुरता जिभेवरून खाली उतरला.

"तो लेप आहे जवळ?"

"आहे ना. पोपडे खरवडून परत द्यायला नवा डबा आणलाय."

"बघू."

बाळाप्पांनी डबा उघडला. वास घेतला. खुंटीवरचा ब्रश काढला, ताट स्वतःकडं ओढलं आणि भाकरीवर लेप द्यायला लागले.

एक हात. फुंकर. दुसरा हात. भाकरी उलटली, खालची बाजू केली. कडासुद्धा सोडल्या नाहीत. शेवटी गवंडी माणूस.

शशांकचा हात ठेच्यावरच राहिला.

बाळाप्पांनी ताट परत सरकवलं. भाकरी लखलखत होती. पाची बोटं स्वच्छ दिसत होती.

"बाळाप्पा! अन्न आहे ते! काकूंनी सकाळधरनं चुलीपाशी बसून... लाज वाटत नाही?"

"बोटं बघ. एक तरी हललं का?"

"नाही, पण..."

"कमान मोजून घे."

शशांकच्या पोटातले कावळे ओरडत होते.

"अहो, पण आता ही खायची कशी?"

बाळाप्पांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"खायची कशाला, लेका? शंभर वर्षं टिकंल."