शाल आणि किल्ली

एकदा एक वृद्ध साधुपुरुष घाटाच्या पायथ्याशी मठ बांधून राहत होते. साधुपुरुष म्हटलं की डोळ्यांपुढे जटा आणि भस्म येतं, तसं काही समजू नका. स्वच्छ धोतर, बंडी आणि कानात ऐकू येण्याचं यंत्र, एवढाच त्यांचा वेष. समोरचा माणूस निरर्थक बोलू लागला की ते यंत्र काढून शांतपणे मांडीवर ठेवत. लोक त्यांना बाबा म्हणत.

मठाच्या आसपासच्या वाड्यांना दवाखाना नव्हता. दवाखाना घाटापलीकडे. आजारी माणसाला झोळीत घालून चार खांद्यांवरून घाट ओलांडावा लागे, आणि काही माणसं अर्ध्या वाटेतच झोळीतून कायमची उतरत. हे बघवेना, म्हणून भाविकांनी मठाला एक नवी कोरी गाडी घेऊन दिली. बाबांचा एक शिष्य होता, वयाने तिशीचा, बोलायला कमी आणि हाताला स्थिर. गाडी त्याच्या ताब्यात आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, शोरूमच्या शेठनी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली शिष्याच्या हातात देऊन फोटो काढला. पुठ्ठ्याच्या किल्लीने काही उघडत नाही, पण फोटोत ती फार शोभते.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग भर उन्हाळ्यात शेवंता नावाच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मागे ती आणि तिची सासू, पुढे शिष्य. गाडी घाट चढू लागली. अवघड वळणावर आली आणि इंजिन बंद पडलं. हातातलं चाक वळेना, ब्रेक दगडासारखा. गाडी मागे घसरू लागली. शिष्याने सगळा जीव एकवटून हातब्रेक ओढला तेव्हा मागचं चाक कठड्याला टेकून थांबलं. कठड्याखाली दरी होती. शेवंता तिथेच, गाडीतच बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी वाचल्या, हे त्यांच्या नशिबाचं आणि त्या सासूच्या धीराचं.

आणि गाडीने काय करावं? थंड झाली, आणि किल्ली फिरवताच गुणी लेकरासारखी सुरू झाली.

शिष्य गाडी घेऊन शोरूमला गेला. तिथल्या कारागिराने ती गावातल्या सपाट रस्त्यावरून फिरवून आणली. गाडीने एक ठेच खाल्ली नाही. शेठ हसून म्हणाले, "महाराज, गाडीत दोष नाही. दोष चालवणाऱ्यात. घाट म्हणजे काय भजनाचं काम आहे का?"

ते वाक्य शिष्याच्या आधी वाड्यांवर पोचलं. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण गाडीत बसायला पुढे येईनात. झोळ्या पुन्हा बाहेर निघाल्या. त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाड्या मात्र माणसं कोंबून रोज घाट चढत होत्या, आणि प्रत्येक गाडी वळणाआड गेली की ती पलीकडे दिसेपर्यंत शिष्य वाटेतच उभा राही.

त्याने किल्ली बाबांपुढे ठेवली. "बाबा, चूक माझी की गाडीची, एवढंच मला कळू द्या. माझी असेल तर मी पुन्हा चाकाला हात लावणार नाही. पण माझी नसेल तर..." त्याने घाट चढणाऱ्या गाड्यांकडे बोट केलं.

बाबा म्हणाले, "विचारू या की. ज्याने गाडी घडवली त्याला ठाऊक असणार."

मग शिष्याने फोन लावायला सुरुवात केली, बाबा शेजारी बसून ऐकत होते. शेठ म्हणाले, आम्ही नुसते विकणारे, कंपनीला विचारा. कंपनीत एक बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि तिने सनई लावून दिली. बऱ्याच सनईनंतर एक भारदस्त आवाज आला. तो म्हणाला, आम्ही फक्त जोडणी करतो, वायरिंग बाहेरून येतं. बाहेरचा म्हणाला, आम्हाला नकाशा येतो तशी आम्ही तार कापतो. नकाशावाल्यांकडे फोन लावला तर त्यांनी शेठचा नंबर दिला.

बाबांनी कानातलं यंत्र काढलं, आणि म्हातारा पोट धरून हसला. "अरे, एवढी अवाढव्य गाडी, आणि ती कोणीच केली नाही! स्वयंभू आहे. देवळात बसवायला हवी."

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "बाजारातून एक शाल घेऊन ये. उंची आण. आणि एक नारळ."

"कोणासाठी?"

"गाडीच्या निर्मात्यासाठी. आपण त्याचा जाहीर सत्कार करू. मोठा फलक लाव. वर्तमानपत्रवाले येणार आहेत असंही कळव."

शिष्य म्हणाला, "सत्कार? बाबा, चपलांचा हार म्हणाला असतात तर मी समजलो असतो."

"चपलांच्या हाराला कोण येईल रे?" असं म्हणून बाबांनी डोळे मिटले.

शिष्याने शाल आणली, पण मन खट्टू झालं. ज्यांनी त्याच्या हातांना नावं ठेवली त्यांच्याच खांद्यांवर त्याने पांघरूण घालायचं! वयाने बाबांची बुद्धी मऊ झाली की काय, अशीही शंका त्याला आली. पण त्या शंकेच्या आत कुतूहल होतं. हा म्हातारा उगाच काही करत नाही, एवढं तो जाणून होता.

सत्काराच्या दिवशी मठाचं अंगण भरलं. शेठ आले, अंगाला अत्तर, मागे फोटोवाला. कंपनीचे मोठे साहेब आले, बुटांत तोंड दिसावं असे. त्यांच्या मागून एक किडकिडीत इंजिनिअर, चष्मा पुन्हा पुन्हा वर सारणारा. शेवंताही मुलीला काखेत घेऊन पुढे बसली होती.

बाबा उभे राहिले. "शाल एकच आहे. मठ गरीब आहे. तेव्हा मला सांगा, ही गाडी खरी कोणी घडवली? चुकीच्या माणसाचा सत्कार झाला तर पाप लागायचं."

शेठ लगबगीने पुढे आले. "बाबा, घडवण्याचं जाऊ द्या. ही गाडी या घाटात आणली कोणी? मी. मी नसतो तर या लोकांना गाडी ठाऊकच नव्हती."

साहेब मंद हसले. "शेठ दुकानदार आहेत. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी माझ्या नजरेखालून जाते. एक स्क्रूसुद्धा मला न विचारता बसत नाही."

शिष्य दचकला. सनईनंतरचा आवाज हाच होता.

"आणि हे आमचे इंजिनिअर," साहेब रंगात आले होते. "आधी वायरिंग लांबून वळसा घालून जायचं. यांनी ते सरळ, जवळच्या वाटेने नेलं. किती तार वाचली! यांना पदक मिळालंय त्याचं. मंजुरी अर्थात माझी."

"वा वा," शेठ म्हणाले, "आणि ती सुधारणा गिऱ्हाइकाला समजावून सांगितली मी."

इंजिनिअरने चष्मा वर सारला. तो शेवंताच्या काखेतल्या मुलीकडे बघत होता.

"फार आनंद झाला," बाबा म्हणाले. "फोनवर एकही माणूस सापडत नव्हता. इथे तर गर्दी झाली." त्यांनी शालीची घडी चौरंगावर ठेवली, वर नारळ ठेवला, आणि बंडीच्या खिशातून गाडीची किल्ली काढून नारळाशेजारी ठेवली. पुठ्ठ्याची नव्हे, खरी. "आता जो शाल घेईल त्याने किल्लीही घ्यायची. आत्ता ऊन चढलंय. गाडीत माणसांच्या वजनाइतकी पोती भरली आहेत. निर्मात्याने तीत बसून आमच्याबरोबर घाट चढायचा. मी मागे बसतो. आपल्या हातच्या वस्तूत बसायला कसली भीती?"

साहेबांच्या खिशात फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो कानाला लावला. शेठ म्हणाले, "म्हणजे तसं पाहिलं तर आम्ही नुसते विकणारे..."

"अगं बाई!" शेवंता मोठ्याने म्हणाली. "आत्ता तर गाडी घाटात आणणारे तुम्हीच होता की, शेठ! शाल टोचायला लागली काय?"

लोक हसले. शेठनी फोटोवाल्याला कॅमेरा खाली घ्यायची खूण केली.

"तू येतेस का पोरी?" बाबांनी शेवंताला विचारलं.

"मी नाही बसायची, आणि पोरही नाही बसवायची. एकदा बसलो तेवढं बास झालं. ज्यांनी केलीय त्यांनी बसावं."

तेव्हा इंजिनिअर पुढे आला. त्याने शेवंताला विचारलं, "बाई, कुठल्या वळणावर?"

"वरच्या. कठडा आहे तिथं. तुम्ही हा घाट कधी चढलाय?"

"नाही," तो म्हणाला. "मी कागदावर काम करतो." मग त्याने शाल उचलून स्वतःच खांद्यावर घेतली. बाबांची वाट पाहिली नाही. किल्ली शिष्याच्या हातात दिली. "तारा मी सरळ नेल्या. तुम्ही चालवा, मला बघायचंय."

शिष्याच्या हाताला इतक्या दिवसांनी चाक लागलं. गाडी चढू लागली. बाबांच्या सांगण्यावरून चार गडी दोन्ही बाजूंनी मोठे दगड घेऊन चालत होते. मागच्या मोटारीत साहेब आणि शेठ होते. सगळ्या अंगणादेखत मागे राहणं त्यांना जड गेलं असावं. ऊन मी म्हणत होतं. कठडा दिसला, आणि इंजिन बंद पडलं. तसंच, अगदी तसंच. गड्यांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले, शिष्याने हातब्रेक ओढला आणि गाडी उभी राहिली.

इंजिनिअर उतरला. बॉनेट उघडलं तसा जळका वास आला. धुराच्या तापलेल्या नळीजवळून गेलेल्या तारेचं वेष्टण लोण्यासारखं मऊ झालं होतं आणि आतली उघडी तार नळीला टेकत होती; गार झालं की ती सुटायची. सपाट रस्त्यावर नळी एवढी तापतच नव्हती. तिथे गाडी कशाला थांबेल? तो कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग कठड्यापाशी गेला, खालची दरी बघितली आणि परत आला.

"चूक तुमची नव्हती," तो शिष्याला म्हणाला.

शिष्य दगडावर बसला होता. "पुन्हा म्हणा."

इंजिनिअरने वळून पाहिलं. मागून शेठ आणि साहेब चालत येत होते. तो त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चूक यांची नव्हती. माझी होती. वाट मी बदलली, आणि ती घाटात चालते का हे पाहिलं नाही. अशा सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतील. आजपासून."

साहेब म्हणाले, "हे इथे उघड्यावर बोलायचं नाही."

"मग कुठे बोलायचं?" इंजिनिअर म्हणाला. "गाडी इथेच बंद पडते."

परतताना शिष्याने बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला तारेचं आधीच कळलं होतं का?"

"मला विजेच्या दिव्याचं बटण सापडत नाही, तारेचं काय कळणार!"

"मग सत्काराचं कसं सुचलं?"

बाबांनी यंत्र नीट कानात बसवलं. "बाळा, दोष विचारला की मनुष्य कर्तेपण वाटून टाकतो. इतक्या जणांत वाटतो की कोणाच्याच वाट्याला कणभरही उरत नाही. पण मान द्यायला निघालो की तेच कर्तेपण तो गोळा करून एकट्याच्या पदरात घेतो. आपण दोषाच्या दाराने गेलो, ते बंद होतं. म्हणून मानाच्या दाराने गेलो. घर एकच आहे. त्या घरात माणूस राहतो की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. एक राहत होता."

कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्या. सहज नाही, इंजिनिअरला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि ते पदक त्याने परत केलं असं म्हणतात. गाड्या परत बोलावण्याच्या थोर निर्णयाबद्दल शहरात एक मोठा समारंभही झाला. तिथली शाल साहेबांनी घेतली. जगाची रीत एका घाटाने बदलत नाही.

मठाची गाडी दुरुस्त झाली तेव्हा इंजिनिअर स्वतः ती घेऊन आला. शिष्याने पोती भरली आणि दोघे भर दुपारी घाट चढून माथ्यावर गेले. कुठेही थांबावं लागलं नाही. सत्काराचा तो नारळ इंजिनिअरने माथ्यावर गाडीपुढे फोडला. शाल त्याने परत घरी नेली नाही. मागच्या बाकावर घडी घालून ठेवली. घाटात पहाटे गारठा असतो, पेशंटला लागते, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडीत पहिली बसायला आली ती शेवंता, मुलीला सुई टोचून आणायला. बसताना शिष्याला म्हणाली, "चला महाराज. आणि जरा हळू, पोरीला झोप लागलीय."

शिष्याने किल्ली फिरवली. गाडी पोरीची झोप न मोडता घाटाला लागली.

तुम्हीही उद्या नवी गाडी घ्याल, आणि कोणी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन हसायला सांगेल. हसा खुशाल, पण फोटोच्या आधी त्याला एक विचारून ठेवा: ही घाटात बंद पडली, तर तुमच्यातला कोण येऊन म्हणेल की ही मी केली?